बोरकर म्हणजे कुठले?

जया बोरकर नागपुरात नेमकी कुठे राहते, हे तिने धंतोलीतल्या दवाखान्यात कधी नीट सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं तर "जरीपटक्याच्या अलीकडे" म्हणायची. ते खोटं नव्हतं. जरीपटक्याच्या अलीकडेच इंदोरा लागतो. पण इंदोरा म्हटलं की नागपूरच्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही, आणि जरीपटक्याच्या अलीकडे म्हटलं की तो क्षणभर थांबतो. तेवढ्यात जया विषय बदलून टाकायची.

आडनावाचीही तिला मदत व्हायची. मेश्राम, गजभिये, वासनिक म्हटलं की समोरच्याचा जातीचा हिशेब तिथेच पूर्ण होतो. बोरकर मात्र गोव्याकडच्या सारस्वतांतही होते आणि नागपूरजवळ मौद्याच्या बाजूलाही होते. जयाचे आजोबा मौद्याच्या बाजूचे.

१९७६ साली ती तीस वर्षांची होती. वडील नानाजी गिरणीच्या कताई खात्यात एकतीस वर्षं काढून घरी बसलेले. आई लवकर गेली होती. छप्पन साली नानाजींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा जया दहा वर्षांची होती. त्या दिवसापासून घरात उपासतापास उरले नाहीत आणि शाळा बुडवायला एकही सबब उरली नाही, असं ती सांगायची. एम.ए. झाल्यावर तिने बंगलोरला जाऊन मनाच्या आजारांवरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला, आणि परत आल्यावर डॉ. वसंत केदारांनी तिला आपल्या दवाखान्यात घेतलं. गोळ्या डॉक्टर लिहून द्यायचे. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही असं ज्याच्या बाबतीत वाटेल, त्याला मागच्या खोलीत जयाकडे पाठवायचे. ती आठवड्यातून एकदा तासभर त्याच्याशी बोलायची.

डॉक्टरांनी तिचे सगळे दाखले पाहिलेले होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते की पेशंटला नाव आणि काम एवढं कळलं की पुरे, बाकीच्या गोष्टींची इथे चर्चा होत नाही. तेव्हा जयाला तो त्यांचा मोठेपणा वाटला होता. पुढे पुढे वाटेनासा झाला. कंपाउंडर गोविंदा चहा सगळ्यांत शेवटी तिच्या कपात ओततो, तो ती मागच्या खोलीत बसते म्हणून की आणखी कशासाठी? शेजारच्या दवाखान्यातल्या बाईंनी मुलीच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांना दिली आणि तिला दिली नाही, ती विसरून की ठरवून? बंगलोरला तिला शिकवलं होतं की पुरावा समोर ठेवूनही जो हलत नाही तो संशय आजाराचा. जयाच्या संशयाला मात्र अधूनमधून पुरावा मिळायचा. त्यामुळे तो कोणत्या जातीचा संशय आहे, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत विश्वनाथ हरकरे आले.

बावन्न वर्षांचे, केंद्र सरकारच्या एका कचेरीत हेडक्लार्क. घराणं भोसल्यांच्या काळापासून नागपूरच्या महाल भागात राहणारं. बायको यमुताई त्यांना घेऊन आली होती, आणि तिने डॉक्टरांना जे सांगितलं ते असं की सहा महिने झाले, हे कचेरीत काही खात नाहीत की पीत नाहीत. घरून बाटलीत पाणी नेतात आणि बाटलीच्या बुचाला दोरा बांधतात, कोणी उघडली तर कळावं म्हणून. घराचं कुलूप तीनदा बदललं. टपालवाला आला की तो कोणाशी बोलतो हे खिडकीतून पाहत बसतात. आणि हे सगळं सुरू झालं ते कचेरीत रामटेके नावाचे नवे अधीक्षक आल्यापासून.

रामटेके कोणत्या समाजाचे, हे तिने सांगितलं नाही. नागपुरात सांगावं लागत नाही.

आणीबाणीचे दिवस होते. पन्नाशी ओलांडलेल्या सरकारी नोकरांच्या याद्या तयार होत होत्या. ज्याच्या गोपनीय अहवालात काही वाकडं लिहिलेलं असेल, त्याला मुदतीआधीच घरी बसवत होते. हरकरेंचा अहवाल आता रामटेके लिहिणार होते. त्यामुळे हरकरेंची भीती नुसती डोक्यातली आहे असंही म्हणता येत नव्हतं. रामटेके आपल्या चहात कसलंतरी औषध घालतात, हे मात्र डोक्यातलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दर गुरुवारी जयाकडे बसायला सांगितलं.

पहिल्या गुरुवारी हरकरे खोलीत आले, पडद्यामागे पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि खुर्ची उचलून भिंतीला पाठ लागेल अशी ठेवली. मग बसले आणि जयाकडे बराच वेळ पाहिलं.

"बोरकर म्हणजे कुठले?" त्यांनी विचारलं. "गोव्याकडचे का?"

जयाने वही उघडली. "झोप किती तास लागते तुम्हाला?" ती म्हणाली.

"अडीच तास," हरकरे म्हणाले, आणि तो प्रश्न तिथेच राहिला. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हरकरेंनी आपल्या सोयीचं उत्तर धरून घेतलं असं तिला वाटलं, कारण पुढच्या गुरुवारपासून ते मोकळेपणी बोलायला लागले.

बोलायचे ते काय बोलायचे! आपल्यातल्या म्हणून सांगतो, अशी सुरुवात करायचे. मग ते लोक वरच्या खुर्चीवर बसले की खालच्याचं वाटोळं करतात, त्या लोकांना परीक्षेत गुण वाढवून देतात, त्यांच्या हाताला मुळात स्वच्छता माहीत नाही, ते हसतात तेव्हा सगळ्यांत जास्त सांभाळावं. हे सगळं आवाज न चढवता, नियमावलीतली कलमं वाचून दाखवावीत तसं. जया वहीत लिहून घ्यायची. चेहरा हलू द्यायचा नाही, हे तिला बंगलोरला शिकवलं होतं, पण त्याच्याही आधी शाळेत ती ते शिकली होती. संध्याकाळी बसमधून कमाल चौकात उतरली की तिच्या लक्षात यायचं, आपण घराकडे जवळजवळ पळत निघालो आहोत.

आणि तरी हरकरे सुधारत होते. एप्रिलपर्यंत पाच तास झोपायला लागले. कुलूप बदलणं थांबलं. डॉक्टर खूश झाले. हरकरेंनी आपल्या ओळखीचे आणखी दोन पेशंट पाठवले, त्यामुळे जरा जास्तच खूश झाले, असं जयाला वाटलं.

तिला दोन गोष्टी खटकत होत्या. एक म्हणजे, गोविंदाने आणलेला चहा हरकरे पीत नसत आणि कोपऱ्यातल्या माठातलं पाणीही घेत नसत. आपली दोरा बांधलेली बाटली काढत. पण ते तर सगळीकडेच तसं करत होते. यात आजार किती आणि दुसरं काही किती, हे वेगळं काढायला तिच्याकडे चाळणी नव्हती. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. बोलता बोलता ते मधेच थांबत आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहत. विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट पाहावी तसे. मग पुन्हा सुरू करत, आधीच्यापेक्षा काहीतरी कडू. याला माहीत आहे का, असं तिच्या मनात यायचं. मग ती स्वतःलाच समजवायची, की दिवसभर संशयी माणसांत बसून आपल्यालाही लागण झाली आहे.

जुलैत हरकरेंनी टेबलावर एक पुडकं ठेवलं. सात पानांचा, टाइप केलेला तक्रार अर्ज होता, तीन प्रती, वर दिल्लीचा पत्ता. रामटेके कचेरीतल्या चहात औषध घालतात. त्यांचा जातीचा दाखला बनावट आहे. त्यांचा भाऊ बंदी घातलेल्या संघटनेत आहे आणि घरी गुप्त सभा भरतात. जयाने ते वाचलं आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली. चहाच्या गोष्टीला कोणी हसलं असतं. शेवटच्या ओळीला त्या वर्षी कोणी हसत नव्हतं. तेवढ्या एका ओळीवर लोकांना घरातून उचलून नेत होते.

"हे खरं आहे?" तिने विचारलं. "भावाचं?"

"असणारच," हरकरे म्हणाले.

त्यांना तिच्याकडून एक दाखला हवा होता. विश्वनाथ हरकरे यांची मी पाच महिने तपासणी केली असून त्यांचं डोकं शाबूत आहे, एवढं लिहून खाली सही. तो जोडला की अर्ज कोणी वेड्याचा म्हणून फेकणार नाही. पुढच्या गुरुवारी घेऊन जातो, म्हणाले, आणि पुडकं परत पिशवीत घालून गेले.

जया तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेली. दाखला द्यायचा नाही, यावर त्यांचं एकमत झालं. पण ती म्हणाली की आता मी कोण ते त्यांना सांगणार आहे, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तो माणूस तिच्यावर विश्वास ठेवून बरा होत आला आहे, ते म्हणाले, आता असं काही सांगितलं तर पाच महिन्यांचं काम पाण्यात जाईल. शिवाय तो तक्रारी लिहिणारा माणूस आहे, उद्या दवाखान्याविरुद्ध लिहील. दाखल्याचं लांबणीवर टाक, गोळी वाढवू. त्यांच्या बोलण्यात पेशंटची काळजी होती. दवाखान्याचीही होती. कोणती किती, हे जया त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिली आणि तिला ते सापडलं नाही.

घरी नानाजी दारात खाट टाकून बसले होते. पेशंटच्या गोष्टी ती घरी कधी सांगत नसे. त्या दिवशी नाव न घेता सांगितल्या. नानाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"अन् तू काहून लपवून राहिली वं?" ते म्हणाले.

"मी नाही लपवलं, बाबा. त्यांनी पुन्हा विचारलंच नाही."

"त्यानं विचारलं नाई, का तू विचारू देल्लं नाई?"

नानाजी मग गिरणीतलं सांगायला लागले. विणाई खात्यात पगार जास्त होता, पण तिथे मागाच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. आपल्या तोंडाचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला लागेल म्हणून आपल्या माणसाला तिथे घेत नव्हते. नानाजींच्या ओळखीचा एक जण गावाचं नाव बदलून, आडनाव बदलून तिथे लागला. आठ महिने टिकला.

"मग? मारलं त्याले?" जयाने विचारलं. बापाशी बोलताना तिची भाषा आपोआप बदलायची.

"नाई मारलं. तोच सोडून आला. म्हणे, दिवसभर मले धागा दिसतच नाई, माणसाइचे डोळेच दिसते." नानाजींनी खाटेवरची घडी नीट केली. "तुले जे कराचं ते कर. मी सांगत नाई."

पुढच्या गुरुवारी हरकरे आले, भिंतीला पाठ लावून बसले आणि दाखल्यासाठी हात पुढे केला.

"दाखला मी देणार नाही," जया म्हणाली. "अर्जातली एकही गोष्ट तुम्हाला माहीत नाही, तुम्हाला वाटते. आणि दुसरं, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. माझे बोरकर गोव्याचे नाहीत. मी इंदोऱ्याला राहते. छप्पन साली माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली. तुम्ही ज्यांना 'ते लोक' म्हणता, त्यांच्यातली मी आहे."

हरकरे दचकतील, उठतील, ओरडतील, असं सगळं तिने मनात घोळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी डायरी काढली, पानं मागे उलटली आणि तिच्यासमोर धरली. बारीक, नीटस अक्षरात लिहिलं होतं. मार्च चार, गुरुवार. दवाखान्यातून सव्वासहाला बाहेर. बस. कमाल चौकात उतरली. तिथून पायी इंदोरा. घराबाहेर म्हातारा, बहुधा बाप.

"तिसऱ्याच भेटीला माहीत झालं होतं मला," हरकरे म्हणाले. "मी कोणालाच तपासल्याशिवाय सोडत नाही. तुम्हाला कसा सोडेन?"

म्हणजे गेले चार महिने दर गुरुवारी हा माणूस जे बोलत होता, ते तिला ओळखून, तिच्या तोंडावर बोलत होता. आणि तिच्या घरापर्यंत येऊन गेला होता.

"मग मुद्दाम बोलत होतात?"

"पाहून राहिलो होतो. एवढं ऐकूनही बाईला राग येत नाही, असं कसं होईल? येत असणार आणि आत ठेवत असणार. रामटेकेही असंच करतो. गोड हसतो, खुर्ची देतो. जो आत ठेवतो तो कधीतरी काढतोच. तुम्ही कधी काढता, याची मी वाट पाहत होतो." त्यांनी डायरी मिटली. "आणि तुम्ही लपवलंत ना? मग माझं काय चुकलं? लोक लपवतातच."

जयाने वही मिटली.

"राग आला," ती म्हणाली. या वेळी तिने तो चेहऱ्यावर येऊ दिला. "दर गुरुवारी आला. तुम्ही हातांबद्दल बोललात तेव्हा तुम्हाला खोलीबाहेर काढावंसं वाटलं. लपवलं ही माझी चूक. घरापर्यंत माग काढलात ही तुमची. तुमच्या चहात मी काही घालणार नाही, घालायचं असतं तर पाच महिने होते. पण यापुढे तुम्हाला जे बोलायचं असेल ते मला धरून बोला. 'ते लोक' म्हणायचं नाही. 'तुम्ही' म्हणायचं. बोरकरबाई, तुम्ही असं करता, तुमचे वडील असं करतात. तसं जमत असेल तर पुढच्या गुरुवारी या."

हरकरे उठले. पिशवी उचलली आणि निघून गेले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. डॉक्टर तिच्याशी कामापुरतं बोलत होते. जयाचे ते तीन आठवडे फार वाईट गेले. अर्ज गेला असेल, आणि त्यात आता आपलंही नाव असेल, असं तिला वाटत राहिलं. इंदोऱ्यातही गुप्त सभा भरतात, एवढं लिहायला त्याला कितीसा वेळ लागणार? कमाल चौकात एक मनुष्य पानठेल्याशी उभा राहून तिच्याकडे पाहतो, असं दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी तिने थांबून त्याच्याकडे नीट पाहिलं, तर तो डोळ्यांत मोतीबिंदू झालेला म्हातारा होता. ती स्वतःवर हसली नाही. आपल्या पेशंटना रस्त्यावरून चालताना कसं वाटत असेल, ते तिला त्या दिवशी कळलं.

आल्या त्या यमुताई, एकट्याच. त्यांनी सांगितलं की अर्ज टाकला नाही. दोनदा टपालपेटीपर्यंत जाऊन परत आले. घरात बसून असतात. पुढचं बोलायला यमुताईंना जड गेलं.

"ते म्हणतात, ती बाई एकच आहे जिचा चेहरा आणि बोलणं एक झालं. पण ती आता मला घेईल का, विचारून ये." मग खाली पाहत म्हणाल्या, "मलाही नव्हतं माहीत तुमचं. त्यांनी सांगितलं तेव्हा पहिलं मलाच कसंतरी झालं. आता आले आहे तर खरं सांगून टाकते."

जयाला ते ऐकायला बरं वाटलं नाही. पण यमुताईंवर संशयही आला नाही, हे तिच्या लक्षात आलं.

हरकरे आले आणि 'तुम्ही' म्हणून बोलण्याचा प्रयत्न करायला लागले. ते ऐकणं जयाला आधीपेक्षा सोपं गेलं असं नाही. "बोरकरबाई, तुम्ही लोक..." एवढं म्हणून ते थांबत. ती म्हणायची, लोक नाही, मी. मग ते पुन्हा सुरुवात करत. "तुम्ही चहात..." आणि वाक्य पुढे सरकत नसे. चार महिने धडधड बोललेला माणूस एका तासात दोन वाक्यं पुरी करू शकत नव्हता. कधी चिडत. एकदा म्हणाले, तुम्ही मला बोलूच देत नाही. ती म्हणाली, बोला की, मी इथेच आहे. कधी तीही चिडायची, आणि तसं त्यांना सांगायची. ती चिडली की हरकरे खुर्चीत सैल होत, ही मोठी चमत्कारिक गोष्ट होती.

सप्टेंबरात एका गुरुवारी त्यांनी, न विचारता, एकसष्ट सालचं सांगितलं. तेव्हा हाच रामटेके, पुढे बदलीने बाहेर जाण्याआधी, कचेरीत नवा टायपिस्ट होता, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. हरकरेंनी एक महत्त्वाची फाइल नियम मोडून घरी नेली होती आणि ती हरवली. चौकशी होणार होती. अहवालाचा कच्चा मसुदा हरकरेच लिहीत, साहेब खाली सही करत. हरकरेंनी फाइल टायपिस्टच्या ताब्यात होती असं लिहिलं, आणि त्याच्या नावापुढे तीन शब्द घातले. सचोटी शंकास्पद आहे. साहेबांनी न वाचता सही केली. त्या तीन शब्दांमुळे रामटेकेंची बढती सहा वर्षं अडली.

"त्याचंच नाव का घातलं?" जयाने विचारलं. "खोलीत आणखी टायपिस्ट होते ना?"

"चौघं होते."

"मग?"

हरकरेंनी बाटलीच्या बुचाचा दोरा सोडला आणि पुन्हा बांधला. "त्याचं नाव घातलं तर कोणी विचारणार नव्हतं," ते म्हणाले. "आणि कोणी विचारलंही नाही."

आता तोच माणूस त्यांच्या अहवालावर सही करणार होता, आणि सगळ्या जुन्या फायली त्याच्या कपाटात होत्या. तो रोज हसून नमस्कार करत होता. त्याने फाइल उघडली की नाही, हरकरेंना कळत नव्हतं. जयाला मग बाटलीच्या बुचाचा दोरा, कुलपं, टपालवाला, सगळं ओळीने समजलं. तिला त्यांची कीव आली, आणि त्याच वेळी त्या अनोळखी रामटेकेच्या अडलेल्या सहा वर्षांचा राग आला. दोन्ही तिने त्यांना सांगितलं. रामटेकेंना जाऊन सांगावं, असं तिने एकदा सुचवलं. हरकरे म्हणाले, ते माझ्याच्याने होणार नाही. आणि त्यांच्याच्याने ते कधीच झालं नाही.

अर्ज त्यांनी तिच्या समोर फाडला नाही. घरी फाडला, असं यमुताईंनी सांगितलं. हरकरे मुदतीआधी घरी बसले नाहीत. कचेरीतला चहा प्यायला लागले, आधी अर्धा कप, मग पूर्ण. त्या वर्षीचा अहवाल रामटेकेंनी चांगला लिहिला, हे त्यांना बाहेरून कळलं, तेव्हा त्यांनी येऊन सांगितलं की चांगला लिहिला म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असणारच. जयाने ते वहीत लिहून घेतलं आणि गोळी चालू ठेवायला सांगितली. अठ्ठ्याहत्तरच्या सुरुवातीला त्यांचं येणं थांबलं. ब्याऐंशीत ते मुदतीने निवृत्त झाले.

जयाने मात्र त्या सप्टेंबरपासून एक रीत धरली. नवा पेशंट आला की नाव, शिक्षण आणि मी इंदोऱ्याला राहते, एवढं ती पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायची. बहुतेकांना त्याचं काही नसायचं, किंवा ते तसं दाखवत नसत. काही जण पुढच्या वेळी आले नाहीत. रामटेकजवळचे एक बडे शेतकरी डॉक्टरांकडे जाऊन दुसरी बाई मागून आले. डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावण्याच्या आत ती एकोणऐंशी साली तिथून निघाली आणि सदर भागात दोन खोल्या भाड्याने घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, असं ती नंतरही म्हणायची. त्यांनी निरोपाला पेढे वाटले. गोविंदाने त्या दिवशी चहा सगळ्यांत आधी तिच्या कपात ओतला, आणि तो ती निघाली म्हणून ओतला की कसा, हे तिला तेव्हाही कळलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक पस्तिशीचा माणूस सदरच्या खोलीत आला. झोप नाही, छातीत धडधड, कोणी मागून येतंय असं वाटतं. आपण हरकरेंचा पुतण्या, असं त्याने सांगितलं आणि काकांनी दिलेली चिठ्ठी पुढे केली. जयाने ते बारीक, नीटस अक्षर लगेच ओळखलं.

"चि. गजानन यास पाठवीत आहे. बाई इंदोऱ्याच्या आहेत, हे मी त्याला घरीच सांगितले आहे, नंतर कुरकूर नको. आपल्याकडचे कोणी असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते. परंतु त्या तोंडावर बोलतात."

जयाने चिठ्ठी दोनदा वाचली. राग आला, आणि हसूही येत होतं. यातलं कोणतं वाक्य त्यांनी मनापासून लिहिलं आणि कोणतं तिची परीक्षा पाहायला, याचा तिने थोडा वेळ विचार केला. मग चिठ्ठी टेबलावर उघडीच ठेवली.

"काकांनी लिहिलंय ते वाचलंत तुम्ही?" तिने विचारलं.

गजानन ओशाळला. "वाचलं," तो म्हणाला.

"मग आधी त्याबद्दल बोलू," जया म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं ते सांगा. झोपेचं नंतर."